उज्जैनला कधी यावं?

श्रोतेहो, माधवनगरात, म्हणजे आपल्या फ्रीगंजात, मराठी घर म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेच. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्र काढली की सकाळी उज्जैन. आधी फोन येतो, "श्रावण लागला की लगेच येतो, गर्दी व्हायच्या आत." अहो, इथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी लागतो! तुमच्याकडे दिव्याची अवस होईतो महाकालाच्या दोन सवाऱ्या, म्हणजे पालखीच्या मिरवणुका, निघूनही जातात.

एका घरातल्या दोन जावांसारखं आहे हे. एक आधी वरणभात वाढते, मग पोळी. दुसरी माळव्याची, तिच्याकडे आधी पोळी, भात शेवटी. ताट तेच. तसे महिन्याचे पक्षही तेच दोन. आपण शुक्ल आधी वाढतो, इथे कृष्ण आधी. म्हणून नागपंचमी, राखीपौर्णिमा दोन्हीकडे एकाच दिवशी; भांडण फक्त कृष्ण पक्षाचं.

आणि महाकाल? तो दोन्ही जावांच्या हातचं जेवतो! राखीनंतर इथले लोक म्हणतात, श्रावण संपला, भादवा लागला. पाहुणे खूश, आता निवांत दर्शन. पण सवाऱ्या आपल्या श्रावणाच्या शेवटापर्यंत चालतात, आणि सर्वांत मोठी सवारी शेवटची. शिंदेशाहीतल्या मराठी रीतीचा हा मान, असं इथे सांगतात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनीच तर हे देऊळ पुन्हा उभारलं.

पुन्हा सांगतो, कारण फोन ठेवला की विसरता: गर्दी गुरुपौर्णिमेनंतर सुरू होते आणि पिठोरीच्या आसपास संपते. त्यातले सवारीचे सोमवार टाळा. सवारी बघायचीच असेल तर दुपारी चारच्या आत पायी पोहोचा; सवारीच्या वाटेवर, रामघाट ते गोपाळ मंदिर, रिक्षा विसरा.

भस्मारतीची नोंदणी आधी करा. पुरुषांना धोतर, बायकांना साडी. भस्म चढताना बायकांनी तोंडावर पदर घ्यायचा, ही इथली रीत. तिथे वाद घालू नका. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो, नाक मुरडू नका. त्याबद्दल खरं तर... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे.

तेव्हा एवढंच करा. नुसत्या महिन्याच्या नावावर तिकीट काढू नका. इथल्या नातेवाइकाला पक्ष आणि तिथी विचारा, मगच या.