पाण्याखाली तग धरणारे भात



तंजावर हे नाव कानी पडताच मराठी माणसाला आठवते ते व्यंकोजीराजांनी तेथे स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य, सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरला गेलेला भोसले घराण्याचा विस्तीर्ण मराठी शिलालेख. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी त्या शिलालेखासमोर अभिमानाने उभा राहतो, छायाचित्र काढून घेतो आणि परत फिरतो. गावाची वेस ओलांडताच दोन्ही बाजूंना दृष्टी पोहोचेल तेथवर पसरलेली भातखाचरे मात्र त्याला केवळ वाटेवरची हिरवळ वाटते. वस्तुतः तेथील राज्य, देऊळ आणि ग्रंथसंग्रह या साऱ्यांचा खर्च त्या खाचरांनीच उचलला. आजचे विवेचन त्या खाचरांविषयी आहे.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश हे तमिळनाडूचे भाताचे कोठार. करिकाल चोळाने बांधल्याचे मानले जाणारे कल्लणै धरण आजही तेथे पाणी वाटते. १९३४ साली मेट्टूरचे धरण पूर्ण झाल्यापासून १२ जून या तारखेला पाणी सोडण्याचा परिपाठ पडला. पाणी वेळेवर आले तर जूनमध्ये 'कुरुवै' हे अल्प मुदतीचे पीक उभे राहते; पुढे 'सांबा' आणि 'ताळडी' ही लांब मुदतीची पिके. अडचण या दुसऱ्या हंगामाची आहे. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास आकाश निवळते, तेव्हा तेथे ईशान्य मोसमी पावसाला भर येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात वादळे येतात, जमीन सपाट असल्यामुळे पाणी निचरत नाही, आणि नुकतीच लावणी झालेली रोपे कित्येक दिवस पूर्ण बुडून राहतात. ज्या नदीने अन्न दिले तिच्याच प्रदेशात अन्न पाण्याने मरते.

भाताला पाणी प्रिय, मग ते पाण्यात का मरावे, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर मोठे मनोवेधक आहे. रोप पूर्ण बुडाले की त्याच्या पेशींत तयार होणारा इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही. तो आतच साठतो. त्या संकेताने रोप घाबऱ्याघाबऱ्या उंच वाढू लागते, पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी. या वाढीला लागणारी शक्ती ते आपल्या खोडात आणि पानांच्या आवरणात साठविलेल्या स्टार्चमधून व शर्करेतून उपसते. पाणी चार दिवसांत उतरले तर ठीक. दहा-बारा दिवस राहिले, तर गाठीची सारी पुंजी संपलेली असते, आणि पाणी ओसरताच ते लांबलचक, निःसत्त्व रोप चिखलात आडवे होते. थोडक्यात, ते बुडून मरत नाही, धडपडून मरते.

ओडिशातील एका जुन्या स्थानिक भाताच्या निवडीतून आलेले 'एफआर १३ए' हे वाण मात्र वेगळे वागे. बुडताच ते वाढ थांबवी आणि स्वस्थ बसे. त्याचा दाणा सुमार आणि उत्पन्न कमी, म्हणून शेतकऱ्याला त्याचे आकर्षण नव्हते. परंतु संशोधकांनी त्याला जपले आणि अनेक वर्षे त्याच्या संकराचे प्रयोग केले. २००६ साली फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी या स्वभावाच्या मुळाशी असलेले 'सब१ए' हे जनुक ओळखले. डेव्हिड मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि केनाँग शू ही त्यातली प्रमुख नावे. इथिलीनचा संकेत आला तरी वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणे, हे या जनुकाचे काम. स्टार्च शिल्लक राहतो आणि पाणी उतरल्यावर त्याच भांडवलावर नवे फुटवे येतात.

पुढची पायरी समजून घेणे पालकांच्या दृष्टीने विशेष अगत्याचे आहे, कारण जैवतंत्रज्ञान म्हटले की प्रयोगशाळेत सुईने टोचलेले परके जनुक एवढेच चित्र मनात उभे राहते. येथे तसे काही घडले नाही. लोकप्रिय वाणाचा 'एफआर १३ए'कडून आलेल्या रोपाशी नेहमीसारखा संकर केला, आणि संततीचा पुनःपुन्हा मूळ वाणाशीच संकर करीत नेला. प्रत्येक पिढीत शेकडो रोपांच्या पानांचा लहानसा तुकडा घेऊन डीएनए तपासावयाचा, हवे ते जनुक असलेली रोपे ठेवावयाची, बाकीची टाकावयाची. पूर्वी ही पारख करण्यासाठी रोपे बुडवून, दिवस मोजून वाट पाहावी लागे. आता पान सांगते. अशा रीतीने तयार झालेले 'स्वर्णा-सब१' भारतात २००९ साली प्रसारित झाले. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने सांबा हंगामात लोकप्रिय असलेल्या 'सीआर १००९' या वाणात हेच जनुक आणले, आणि 'सीआर १००९ सब१' कावेरीच्या खाचरांत पोहोचले.

या जनुकाला चमत्कार मानणे घाईचे ठरेल. साधारण दोन आठवड्यांपर्यंत ते रोपाला तारते, त्यापुढे नाही. पाणी गढूळ आणि उबदार असेल तर मुदत आणखी घटते. फुलोऱ्यावर आलेले किंवा कापणीला टेकलेले पीक पाण्यात सापडले, तर त्याचा काही उपयोग नाही. पोंगलच्या आगेमागे अवकाळी पाऊस आला की लोंबीतच दाण्यांना मोड येतात, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची १७ टक्क्यांची मर्यादा ओलांडल्यामुळे पोती परत येतात. तेथे वाळवणयंत्र आणि पक्के छप्पर हवे. जनुकशास्त्राकडे त्याचे उत्तर नाही.

रोगांची कथा थोडक्यात सांगता येईल. जिवाणूजन्य करप्याने पानांच्या कडा वाळत जातात आणि दाणा भरत नाही. आंध्रातील बापटला येथे तयार झालेला 'सांबा मसुरी' हा बारीक, चवदार तांदूळ तमिळनाडूतही आवडीने पेरला जातो, पण या रोगापुढे तो नांगी टाकतो. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने मिळून त्यात तीन प्रतिकारक जनुके आणली. त्यांतले 'एक्सए२१' मूळचे आफ्रिकेतील एका रानटी भाताचे. एका कुलपाची किल्ली चोर कधीतरी बनवितोच, म्हणून एकदम तीन कुलपे. २००८ साली हे सुधारित वाण आले. पुढे असे आढळले की त्याच्या भाताने रक्तातील साखर तुलनेने सावकाश चढते. त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक ५१ च्या आसपास भरला. स्टार्चमधील अमायलोज आणि अमायलोपेक्टिन यांचे प्रमाण व रचना यांवर भात मोकळा होईल की चिकट, पोटात लवकर विरघळेल की उशिरा, हे बरेचसे अवलंबून असते. तीन वेळा भात खाणाऱ्या आणि मधुमेहाने ग्रासलेल्या प्रदेशात ही बाब गौण नव्हे. कोकणातल्या आजीने उकड्या तांदळाची पेज का पसंत केली, याचाही काही धागा येथेच सापडतो: धान उकडून वाळविताना त्यातील स्टार्चची घडण बदलते.

आता समुद्राकडे वळू. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग असलेल्या नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे खारे पाणी शेतांत शिरले. कुंभकोणम येथे १९२५ साली जन्मलेले डॉ. मो. स. स्वामिनाथन यांना हे संकट आधीच दिसत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने वैद्यकाऐवजी शेतीशास्त्राकडे वळलेल्या या शास्त्रज्ञाने चेन्नईत स्थापन केलेल्या प्रतिष्ठानात डॉ. अजय परिडा यांच्या चमूने खारफुटीतील क्षार सोसणारी जनुके वेगळी करून भातात घातली. ही मात्र खऱ्या अर्थाने परजातीय जनुकाची उसनवारी होती, आणि ती प्रयोगाच्या पलीकडे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलेली नाही. महाराष्ट्रात पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने साध्या निवडीतून व संकरातून खाऱ्या जमिनीसाठी वाणे दिली. गोव्याच्या खाजणांत 'कोरगुट' पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. तंजावरच्या परिसरातही 'कुळियडिच्चान' हे क्षार सोसणारे जुने भात होते.

ही जुनी भाते राहिली ती काही आग्रही माणसांमुळे. तंजावर जिल्ह्यातल्या एलंगाडू गावचे जी. नम्माळवार यांनी सरकारी संशोधन केंद्रातील नोकरी सोडून सेंद्रिय शेतीचा प्रचार केला आणि जनुकांतरित पिकांना अखेरपर्यंत विरोध केला. त्यांच्या प्रेरणेने 'नेल' जयरामन यांनी तिरुत्तुरैपूंडी येथे बियाणे महोत्सव भरविले. तमिळमध्ये 'नेल' म्हणजे भात. शेतकऱ्याने दोन किलो जुने बी न्यावे आणि पुढील वर्षी चार किलो परत आणावे, अशी तेथली रीत. जयरामन २०१८ च्या डिसेंबरात गेले, तोवर पावणेदोनशेच्या आसपास वाणे त्यांनी पुन्हा शेतात आणली होती. प्रयोगशाळा आणि हे महोत्सव यांचे विचार जुळत नाहीत, तरी जुळवून घेण्याची गरज प्रयोगशाळेला अधिक आहे. 'एफआर १३ए' कोणीतरी टाकून दिले असते, तर 'सब१' शोधावयाचे कोठे?

४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. एक, 'कमला', 'सांबा मसुरी'पासून. दुसरे, 'पुसा डीएसटी राइस १', खारी जमीन व पाण्याचा ताण सोसण्यासाठी. यांत परके जनुक नाही. भाताच्याच जनुकात लहानसा बदल केला आहे, आणि २०२२ च्या निर्णयानुसार अशा वाणांना जनुकांतरित पिकांच्या काटेकोर तपासणीतून सूट आहे. शेतकरी व पर्यावरण संघटनांनी चाचण्यांची माहिती खुली करण्याची मागणी केली. ती मागणी अवाजवी नाही. बियाण्याचा हक्क कोणाकडे राहणार, हा प्रश्न उत्पन्नाच्या आकड्याइतकाच खडतर आहे. 'सब१'ची वाणे सरळ आहेत. त्यांचे बी घरी राखता येते, आणि २००१ चा कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा अधिकार देतो. संपादनाच्या तंत्रावर परदेशी स्वामित्वहक्क आहेत, त्यामुळे नव्या वाणांचे बी किती मोकळेपणाने गावोगाव फिरेल, हे त्यांच्या परवान्यांच्या अटींवर ठरेल.

तोवर आडुतुरै येथील, १९२२ पासून भातावर काम करणाऱ्या केंद्राच्या खाचरांत पुढील हंगामाचे बी वाढते आहे. सांबाची वेळ जवळ आली की तंजावरच्या शेतकऱ्याला निवड करावयाची असते: बारीक दाण्याला बाजारात दोन पैसे अधिक मिळतात, आणि बुडून टिकणारे वाण जाड दाण्याचे आहे. दोन बिघे एकाचे, दोन दुसऱ्याचे, असे करून तो बियाणे भिजत घालतो.