आईपण आणि कमाई

‘मूल उशिरा होऊ दे, म्हणजे नोकरी टिकेल’ असा सल्ला मुलींना सर्रास मिळतो. उशिरामुळे नोकरीत जम बसायला वेळ मिळतो, हे खरं. पण शरीर थांबत नाही आणि कमाईचं नुकसान फक्त पुढे सरकतं. डेन्मार्कमधल्या अभ्यासात पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहिलेली दिसली. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. मात्र दोन-चार कामगारांच्या दुकानाला तो कायदा सहसा लागूच होत नाही. तो लागू केला, तर एकट्या मालकाने रजेचा भार कसा सोसावा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच रजेचा खर्च सरकारने वाटून घ्यावा आणि बाळाची जबाबदारी वडिलांनी.