दुःखकाळाचा सतरावा दिवस
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं मंडळींनीं आम्हांस जो विषय नेमून दिला तो मंगल नाहीं. ‘संकटसमयीं ख्रिस्ती माणसाची दृष्टि’ असा तो विषय आहे. महोत्सवाच्या मांडवांत, पताकांच्या खालीं, बँडवाले बाहेर वाट पाहत असतां दुःखाविषयीं बोलणें थोडें अवघडच. परंतु ज्यांनीं हें मंदिर उभें केलें त्या आपल्या वाडवडिलांचें आयुष्य पताकांच्या खालीं गेलें नव्हतें. तेव्हां विषय अप्रस्तुत आहे असें म्हणवत नाहीं.

ह्या विषयावर उपदेश करणें सोपें आहे. धीर धरा, प्रार्थना करा, देव पाहून घेईल, असें सांगून खालीं बसतां येतें. पण ज्याच्या घरचा तरुण मुलगा गेला आहे, किंवा ज्याची वाडी कर्जापायीं दुसऱ्याच्या नांवावर चढली आहे, त्यास असलीं वाक्यें उंबऱ्यावरच अडवावींशीं वाटतात, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. म्हणून आम्ही उपदेश बाजूस ठेवून एक इतिहास सांगणार आहों. तो परदेशचा असला तरी परका नाहीं. कारण त्याच्या पहिल्या पानावर वसईचें नांव आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. लहानपणीं ते जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानास गेले, तेथील भाषा शिकले, पुढें व्यापारांत शिरले, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरु ते कधीं झालेच नाहींत. १५९३ सालीं संघाची मंडळी जपानास निघाली तेव्हां दुभाषी म्हणून यांस बरोबर घेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढविलें, त्यांत वसईचा हा पुत्र होता. सव्विसांपैकीं सतरा जण प्रापंचिक वर्गांतील होते, आणि लहानगा लुईस तर अवघा बारा वर्षांचा. १८६२ सालीं नववे पायस पोप यांनीं ह्या सर्वांस संतपद दिलें. एवढें आपल्या मुलांसही पाठ आहे. आपलें ऐकणें बहुधा येथेंच थांबतें. पण आमच्या विषयाची गोष्ट येथून पुढें आहे.

१६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. पाद्री हद्दपार झाले. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले व मारले गेले, आणि १६४४ च्या सुमारास शेवटचा धर्मगुरुही गेला. मिस्सा नाहीं, परमप्रसाद नाहीं, पापनिवेदन नाहीं, मंदिर नाहीं. ख्रिस्ती माणसाची खबर देणाऱ्यास सरकारी बक्षीस. ही स्थिति दोनशेंहून अधिक वर्षें टिकली. म्हणजे सातएक पिढ्या अशा जन्मल्या आणि मेल्या कीं त्यांनीं आयुष्यांत धर्मगुरु पाहिला नाहीं.

मग त्या लोकांनीं केलें तरी काय? नागासाकीजवळ उराकामी म्हणून शेतकऱ्यांचें गांव होतें. तेथें त्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकाकडे पंचांग, सण केव्हां, उपवास केव्हां, हें तो काढी. दुसऱ्याकडे पाणी, मूल जन्मलें कीं तो बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप पोंचवी. बाहेरून पाहणाऱ्यास हीं घरें बौद्धच दिसत, कारण बौद्ध मठांत नांव नोंदविण्याची सर्वांस सक्ति होती. प्रार्थना तोंडपाठ असत, आणि त्यांतील लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजून जपानी होऊन गेले. ‘मिस्सा’ आणि ‘पाद्री’ हे शब्द ज्या वाटेनें आपल्या घरांत आले, त्याच वाटेनें ते तिकडे गेले होते. तिकडील ‘ओराशो’ म्हणजे प्रार्थना, हा ऐकून आपल्या आजीबाई फारशा बुचकळ्यांत पडल्या नसत्या.

१८६५ सालीं नागासाकी येथें परदेशी व्यापाऱ्यांसाठीं एक मंदिर उघडलें. बंदी अद्याप कायम होती. १७ मार्च रोजीं दुपारीं दहापंधरा खेडूत स्त्रीपुरुष त्या मंदिराच्या दाराशीं आले. फादर पेतिजाँ नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूंनीं त्यांस आंत घेतलें. ते प्रार्थना करीत असतां एक बाई जवळ आली व हलक्या आवाजांत म्हणाली कीं, आमचें सर्वांचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि तिनें पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. हा प्रसंग पुष्कळांनीं ऐकला असेल. त्याच भेटींतील दुसरें एक बोलणें आम्हांस त्याहून मोलाचें वाटतें. त्या लोकांनीं फादरांस सांगितलें कीं, सध्यां आमचा दुःखकाळ चालला आहे, आणि आज त्याचा सतरावा दिवस.

आपण बोटांवर मोजून पाहावें. त्या वर्षीं ईस्टर १६ एप्रिल रोजीं होता. म्हणून राखेचा बुधवार १ मार्च रोजीं आला. १ मार्च हा पहिला दिवस धरला तर १७ मार्च सतरावाच येतो. रोमेंत पोपसाहेब ज्या दिवशीं उपवासकाळाचा सतरावा दिवस पाळीत होते, त्याच दिवशीं हे शेतकरी तो पाळीत होते.

बंधुभगिनींनो, संकटांत ख्रिस्ती माणसाची दृष्टि कशी असते असें कोणीं आम्हांस विचारलें तर आम्ही हा सतरावा दिवस दाखवूं. दुःखांत सांपडलेला माणूस स्वाभाविकपणें दुःखाचे दिवस मोजतो: आजाराचा तिसरा महिना, बेकारीचें दुसरें वर्ष. ती मोजणी त्या लोकांसही चुकली नसेल. पण तिच्या जोडीला दुसरी एक मोजणी त्यांनीं चालू ठेविली, आणि ती सरकारी पंचांगांत नव्हती. तिच्यामुळें त्यांस नेहमीं ठाऊक असे कीं, आपण प्रभूच्या वर्षांत कोठें आहों; त्याच्या जन्मापाशीं, कीं त्याच्या क्रुसापाशीं. राजाच्या हातीं त्यांचे देह होते, त्यांचीं शेतें होतीं. त्यांचा वार आणि तिथि मात्र त्याच्या हातीं लागली नाहीं.

आतां ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आम्ही केवळ वीरकथा सांगितल्यासारखें होईल. हे लोक सर्व काळ वीर नव्हते. नागासाकीच्या मुलखांत दर वर्षारंभीं अधिकाऱ्यांच्या देखत ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. न ठेवणारा पकडला जाई. उराकामीच्या लोकांनीं पाय ठेविला. पिढ्यान्‌पिढ्या, वर्षानुवर्षें ठेविला. मग ते घरीं येत आणि परिपूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ती त्यांस १६०३ च्या सुमाराच्या एका लहान पुस्तिकेंतून मिळाली होती. धर्मगुरु मिळणें अशक्य असेल तेव्हां देवावरील प्रेमानें केलेला पश्चात्ताप, आणि पुढें संधि मिळतांच पापनिवेदन करण्याचा निश्चय, यानें क्षमा मिळते ही ख्रिस्तसभेची शिकवण तींत होती. ह्या लोकांस भित्रे म्हणणारे आहेत. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ज्यांनीं पाय ठेविला नाहीं ते हुतात्मे झाले, त्यांचा मान मोठा आहे. परंतु पाय ठेवूनही जे ‘आतां सारें संपलें’ असें मानून बसले नाहींत, घरीं जाऊन गुडघे टेकले, आणि पुढल्या वर्षीं तेंच होणार हें ठाऊक असून पुन्हां टेकले, त्यांच्या श्रद्धेचें वजन करण्यास आपले तराजू पुरे पडणार नाहींत.

उघडकीस आल्याबरोबर त्यांचा छळ नव्यानें सुरू झाला. १८६७ पासून धरपकड, आणि पुढील दोनतीन वर्षांत अवघें उराकामी गांव, सुमारें ३,४०० माणसें, देशभर ठिकठिकाणीं हद्दपार. सहाशेंहून अधिक जण तेथें मेले. १८७३ सालीं बंदी उठली तेव्हां उरलेले परतले. त्या हद्दपारीस त्यांनीं नांव काय ठेविलें असेल? ‘तबी’, म्हणजे प्रवास. एवढा एकच शब्द. परत आल्यावर, ज्या पाटलाच्या वाड्यांत त्यांस प्रतिमेवर पाय ठेवावा लागे, तीच जागा त्यांनीं विकत घेतली, आणि १८९५ त आरंभ करून १९१४ त तेथें मंदिर पुरें केलें.

गोष्ट येथें संपविली असती तर ऐकणारास बरें वाटलें असतें. परंतु ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं नागासाकीवर अणुबाँब पडला, तो उराकामीच्या डोक्यावर. मंदिर स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारें ५०० मीटर. मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची तयारी म्हणून आंत पापनिवेदन चाललें होतें. त्या धर्मग्रामाच्या सुमारें १२,००० लोकांपैकीं सुमारें ८,५०० मेले. दोनशें वर्षें राजसत्तेस जें साधलें नाहीं तें एका क्षणांत झालें, आणि तें करणारें विमान ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशाचें होतें. शेजारीपाजारी म्हणूं लागले कीं, ह्यांनीं आपले जुने देव सोडले, त्याची ही शिक्षा. घरचीं सर्व माणसें गमावलेले ख्रिस्ती लोकही विचारूं लागले कीं, खरेंच का ही शिक्षा?

तेथील डॉक्टर ताकाशी नागाई यांनीं २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं मंदिराच्या भग्नावशेषांत झालेल्या स्मरणविधींत ह्याचें उत्तर दिलें. एक्स-रेच्या कामांत त्यांस रक्ताचा कर्करोग आधींच जडला होता. पत्नीच्या अस्थि त्यांनीं घराच्या राखेंतून वेंचल्या होत्या, आणि जवळ तिची जपमाळ वितळून पडली होती. ते म्हणाले, त्याचा आशय असा कीं, ही शिक्षा नव्हे. युद्धाच्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून निर्दोष कोंकरूं अर्पण करावें तसें उराकामी अर्पण झालें. ह्या वचनानें शेंकडों लोक पुन्हां उभे राहिले, हें खरें. त्यावर पुढें टीकाही झाली. बाँब टाकणाऱ्यांची जबाबदारी ह्या बोलण्यानें देवावर जाते असा आक्षेप आला. आम्हांस दोन्ही बाजूंचें म्हणणें समजतें. आमचें मत इतकेंच कीं, आपल्या स्वतःच्या दुःखास अर्पण म्हणण्याचा अधिकार दुःख भोगणाऱ्यास आहे, आणि नागाई यांनीं तो कमावला होता. दुसऱ्याच्या मुलाच्या शवपेटीपाशीं उभें राहून तेंच वाक्य म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. फेब्रुवारी १९८१ त दुसरे जॉन पॉल पोप जपानास गेले तेव्हां त्यांनीं हिरोशिमा येथें युद्ध हें मनुष्याचें कृत्य आहे असें स्पष्ट सांगितलें. प्रभु येशूनेंही सिलोहाचा बुरुज कोसळून अठरा माणसें मेलीं तेव्हां, तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, ह्या प्रश्नास नाहीं असेंच उत्तर दिलें.

हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण ‘ह्यांनीं काय पाप केलें असेल’ हें वाक्य आपल्या वाड्यांत मयताच्या घरीं अजून ऐकूं येतें. दुखणें लांबलें कीं नडगीचा हिशोब मांडणारे, आणि अमुक पैसे भरा म्हणजे बरें वाटेल असें सांगणारेही येतात. ही दृष्टि ख्रिस्ती नव्हे.

आपल्या वाट्यास आलेलीं संकटें जपानच्या तोडीचीं नव्हतीं. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यांतील मठ ओस पडले. तथापि तहांत धर्म पाळण्याची मोकळीक होती. २०२० सालीं मार्च महिन्यापासून साथीमुळें मंदिरें बंद झालीं, आणि १२ एप्रिलचा ईस्टर आपण घरांत काढला. मोबाईलवर मिस्सा पाहतां येत होती, तरी परमप्रसादावांचून राहणें म्हणजे काय, हें त्या कांहीं महिन्यांत थोडें कळलें. ज्या घरांत वडील माणूस संध्याकाळीं सर्वांस बसवून रोजरी म्हणत असे, त्या घरांत ती चालू राहिली. ज्या घरांत रोजरी ही मंदिरांतच म्हणावयाची गोष्ट होती, तेथें ती बंद पडली. दोन्ही प्रकारचीं घरें ह्या मांडवांत बसलीं आहेत, नांवें घेण्याचें कारण नाहीं.

त्या उराकामीच्या मंदिराची एक घंटा ढिगाऱ्यांतून शाबूत निघाली, आणि १९४५ च्या नाताळच्या पूर्वरात्रीं ती तेथेंच टांगून वाजविली. दुसरी फुटली होती. १९५९ त मंदिर पुन्हां बांधलें, तरी तिची जागा रिकामीच होती. ती घंटा अमेरिकेंतील कॅथलिक लोकांनीं वर्गणी काढून पाठविली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं दोन्ही एकत्र वाजल्या.

आपल्या मंदिरास ह्या महोत्सवांत नवा रंग लागला, नवे दिवे लागले, हें योग्यच झालें. त्याबरोबर आमची एक सूचना आहे, फादरांनीं विचार करावा. धर्मगुरु नसतां मरणोन्मुख बालकास बाप्तिस्मा कसा द्यावा, हें प्रत्येक घरांतील निदान एका माणसास नीट यावें. तो अधिकार ख्रिस्तसभेनें गरजेच्या वेळीं कोणासही दिला आहे. पश्चात्तापाची प्रार्थना लहानमोठ्या सर्वांस तोंडपाठ असावी. आणि पुढल्या उपवासकाळांत, आज कितवा दिवस, असें एखाद्या संध्याकाळीं मुलांस विचारावें. ह्यासाठीं वर्गणी लागणार नाहीं, म्हणून महोत्सव समितीस ती मान्य होईल अशी आशा आहे.

बँडवाल्यांस फार वेळ तिष्ठत ठेविलें. एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.