कोंडवाड्यांतील कुत्रीं आणि नगरपालिकेचें कर्तव्य

मोकाट कुत्रें पकडून गाडींत घातलें कीं नगरपालिकेचें काम संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरें काम तेथून सुरू होतें.

मुंबईंत १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांचा नाश करणाऱ्या शिपायांस दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. त्या लोभानें पाळीव कुत्रींही बळी पडूं लागलीं. श्वानास पवित्र मानणारा पारशी समाज खवळला, आणि ६ जून रोजीं शहरांत दंगल उसळली. बक्षिसावर सोंपविलेल्या बंदोबस्ताचें तें फळ होतें.

आजचा कायदा निराळा आहे. केंद्र सरकारचे २००१ चे नियम, व त्यांच्या जागीं आलेले २०२३ चे नियम, पुरेसे कोंडवाडे उभारण्याचा भार स्थानिक संस्थेवरच टाकतात. पकडलेल्या कुत्र्याची नसबंदी करावी, त्यास रेबीजची लस टोंचावी, आणि जेथून आणलें तेथेंच सोडावें. पिसाळल्याचा संशय असल्यास मात्र निराळें कोंडावें, असा त्यांचा आशय आहे.

या क्रमांतील प्रत्येक पायरी कोंडवाड्यावर अवलंबून आहे. तेथें सावली, पाणी, स्वच्छता व पशुवैद्य नसतील, तर शस्त्रक्रियेची जखम चिघळेल, एकाचा रोग दुसऱ्यास जडेल, आणि लसीवांचून सुटलेलें कुत्रें पुन्हां मुलांच्या वाटेवर येईल. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी क्वचितच वांचतो.

म्हणून अंदाजपत्रकांत कुत्रीं पकडण्यास किती रक्कम ठेविली आहे हें पाहणाऱ्या नागरिकानें, तीं सांभाळण्यास किती ठेविली आहे, हेंही विचारावें.