अर्जावर काय विचारावे?

(वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, सातवी शिकलेली बाई मी, मला भाषण कोठले येणार? परंतु बालवाडीच्या नव्या बाई निवडण्यासाठी तिघींची जी समिती नेमली, तीत माझेही नाव आहे. अर्जाच्या नमुन्यावरून आमच्यात बरीच बोलाचाली झाली. ती तुम्हा सर्वांच्या कानी घालावी, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

नमुन्यात नाव, शिक्षण, अनुभव हे होतेच. त्याखाली आणखी ओळी होत्या. लग्न झाले आहे काय? नसल्यास केव्हा करणार? मुले किती? सध्या दिवस गेले आहेत काय? आणि तळाशी, ‘सर्व रक्ततपासण्यांचे कागद जोडावेत.’

हा नमुना कोणी वाईट बुद्धीने केला असे मुळीच नाही. दोन वर्षांमागे आपल्या बाई जूनमध्ये रुजू झाल्या आणि दिवाळीनंतर बाळंतपणाला गेल्या. दीड महिना बालवाडीला कुलूप. पालक फी परत मागायला आले, तेव्हा चिटणीसबाईंना तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. ज्यांनी ते सोसले त्यांना आधीच विचारून घ्यावेसे वाटले तर नवल नाही.

माझी पुतणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मी हा कागद दाखविला. ती म्हणाली, “काकू, असाच कागद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.” मग तिने तो निकाल वाचून मला मराठीत समजावून दिला.

1989 साली दिल्लीकडच्या एका बाईंनी आयुर्विमा महामंडळात सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. महामंडळाच्याच यादीवरील डॉक्टरीणबाईंनी तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितले. शिवाय एक छापील कागद भरून द्यावयाचा होता. पाळी नियमित येते काय, दुखते काय? आजवर किती वेळा दिवस गेले, पैकी किती वेळा पूर्ण भरले? शेवटची पाळी कोणत्या तारखेची? आता दिवस आहेत काय? गर्भपात झाला होता काय? हे सारे कशासाठी, तर कचेरीत बसून विम्याचे कागद करण्यासाठी!

बाईंना नोकरी लागली. जानेवारी 1990 मध्ये त्या बाळंत झाल्या आणि फेब्रुवारीत त्यांना कामावरून कमी केले. महामंडळाचे म्हणणे, बाईंनी पाळीची तारीख खोटी लिहिली. उच्च न्यायालयात बाई हरल्या. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की, खरी खोट त्या छापील कागदातच आहे. असले प्रश्न बाईमाणसाला लाजविणारे आहेत, महामंडळाने ते काढून टाकावेत. डॉक्टरने तपासून योग्य ठरविले होते, याकडेही न्यायालयाने लक्ष दिले आणि बाईंना पुन्हा कामावर घ्यावयास लावले.

त्या बाईंचे नाव निकालात आहे, पण मी येथे घेत नाही. त्यांच्या पाळीच्या तारखेची कोर्टात चर्चा झाली, तेवढे पुरे झाले.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर 2022 च्या जानेवारीतली ऐका. आपण ज्या स्टेट बँकेत पैसे ठेवतो, तिने नव्या भरतीसाठी काढलेला नियम तेव्हा उजेडात आला की, तीन महिन्यांवर दिवस गेलेली उमेदवार तूर्त अयोग्य समजावी, तिने बाळंतपणानंतर रुजू व्हावे. पूर्वी त्याच बँकेत सहा महिन्यांपर्यंतच्या गरोदर मुलीला डॉक्टरच्या दाखल्यावर घेत असत. देशभर ओरड झाली, दिल्लीच्या महिला आयोगाने नोटीस दिली, तेव्हा त्याच महिन्यात बँकेने तो नियम मागे घेतला. तीस वर्षांपूर्वीचा निकाल कोणाच्या कपाटात पडला होता, देव जाणे.

रक्ततपासणीचेही तसेच आहे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचे प्रकरण आले. तपासणीत एचआयव्ही निघाल्यामुळे एका सरकारी महामंडळाने त्याचे काम बंद केले होते. माणूस काम करण्यास धडधाकट आहे आणि त्याच्यापासून इतरांना धोका नाही, तर नुसत्या त्या रोगावरून त्याला नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. पुढे 2017 साली कायदाच झाला आणि तो 2018 पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी अट म्हणून घालता येत नाही. हा कायदा सरकारी कचेरीला आहे, खाजगी दुकानाला आहे आणि, भगिनींनो, आपल्या मंडळालाही आहे. तेव्हा ती तळाची ओळ तशीच छापली असती तर आपण सरळ कायद्याच्या कचाट्यात सापडलो असतो.

भरतीच्या वेळी बाई म्हणून डावलू नये, हे 1976 च्या समान वेतनाच्या कायद्यात होते, आता ते वेतन संहितेत आहे. पण मुलाखतीतले बोलणे कागदावर येत नाही, तेथेच घोडे पेंड खाते. आमच्या वाडीतली एक मुलगी, पदवीला पहिल्या वर्गात आलेली, गेल्या वर्षी एका खाजगी कंपनीत गेली. तिला कामाचे दोन प्रश्न विचारले आणि लग्नाचे पाच. “कळवू” म्हणाले. अजून कळवीत आहेत. आता ती कोर्टात काय दाखविणार?

मालकांचीही एक बाजू आहे. 2017 पासून पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. जेथे कामगार विमा लागू नाही तेथे तो पैसा मालकाच्या खिशातून जातो. म्हणून ते आधीच चाळणी लावतात. माझ्या मते हा भार सगळ्यांनी मिळून उचलावयास हवा, एकट्या मालकावर टाकून चालणार नाही. पण म्हणून मुलीलाच चाळून टाकावे, हे कोणत्या न्यायात बसते?

समितीतल्या एका बाईंनी नेमका मुद्दा काढला की, रजेचा हा कायदा दहा माणसे कामाला असतील तेथे लागतो, आपल्याकडे दोनच आहेत, मग विचारले तर काय बिघडले? कायद्याने ठरीव रजा देणे आपल्याला बांधील नसेलही. पण आपण स्त्रियांचे मंडळ, आणि आपल्याच दारात मुलीला ‘दिवस आहेत का’ म्हणून विचारणार? उद्या आपल्या सुनेला कोणी विचारले तर आपण कोणत्या तोंडाने रागावणार?

चौकशी करूच नये, असे मी म्हणत नाही. लहान मुले त्यांच्या हाती द्यावयाची आहेत. आधीच्या शाळेत विचारावे, प्रमाणपत्र मूळ पाहावे, एक दिवस मुलांत बसवून गाणे-गोष्ट घ्यावयास लावावी. त्यात जे कळते ते दहा प्रश्नांत कळत नाही. प्रकृतीसाठी डॉक्टरची एकच ओळ मागावी की, या बाई लहान मुलांबरोबर काम करण्यास योग्य आहेत. ती सर्वच उमेदवारांकडून सारखी मागावी, आणि कागद चिटणीसबाईंच्या कपाटात राहावा, हळदीकुंकवाला चर्चेला येऊ नये. (हसू नका, आपल्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.)

राहिला बालवाडी बंद पडण्याचा प्रश्न. तो बाईच्या पोटाशी जोडण्याचे कारण नाही. पाय मोडला तरी बालवाडी बंदच पडेल. आपल्यातल्या तिघीजणी माँटेसरीचा वर्ग केलेल्या आहेत, त्यांची बदलीची यादी करून ठेवावी. नेमणुकीच्या पत्रात एवढे लिहावे की, लांब रजा घ्यावयाची असल्यास महिनाभर आधी कळवावे.

सुधारलेला नमुना समितीने केला आहे, कार्यालयात टेबलावर ठेवला आहे. लग्नाच्या व मुलांच्या चारही ओळी आणि रक्ततपासणीची ओळ मी लाल पेन्सिलीने खोडल्या आहेत. एका बाईंची अजून हरकत आहे, ती त्यांनी समासात लिहिली आहे, तीही वाचावी. येत्या सोमवारी चार वाजता सभेत मत घेऊन नमुना छापावयास द्यावयाचा आहे, तरी सर्वांनी यावे.