तंजावरचा उन्हाळा आणि हिना

मराठी घरात मंगलकार्याची सांगता अत्तर-गुलाब आणि पानसुपारी यांवाचून होत नसे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांबरोबर मराठी कुटुंबे तंजावरास गेली, तेव्हा ही रीतही त्यांच्या सामानात असणारच. ते राज्य १८५५ साली संपले. सुगंधाची हौस मात्र खालसा होत नाही. कावेरीकाठी तिला मोगरा, मरवा, दवणा आणि वाळा यांचा गुंफलेला कदंबम भेटला.

आजचा विषय मात्र फुलांचा नाही. हिना नावाच्या उष्ण, मसालेदार अत्तराचा आहे. हिना म्हणजे मेंदी, पण अत्तरवाल्याच्या या मिश्रणात लवंग, वेलदोडा, जायफळ, जटामांसी, नागरमोथा अशा जिनसांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो. घराण्यागणिक जिनसा बदलतात. कनौजच्या तांब्याच्या डेगांतून तो निघतो. उत्तरेत हिना थंडीत आणि वाळा उन्हाळ्यात, असा संकेत आहे. तंजावरात थंडी ती केवढी? मग तेथे हिना लावावे की नाही?

माझ्या मते लावावे, पण अगदी बेताने. उकाड्यात त्वचेची ऊब गंध झपाट्याने उधळते. मुंबईच्या दिवाणखान्यात जो थेंब शोभतो, तोच तेथे दुपारी शेजाऱ्याचे डोके उठवील. दिवस कलल्यावर कापसाचा लहानसा फाया कानाच्या पाळीत ठेवावा. मनगटावर लावलेच, तर दोन्ही मनगटे एकमेकांवर चोळू नयेत.

पारख करताना घाई नको. कुपी नाकाशी धरून ‘वाहवा’ म्हणणारा गिऱ्हाईक दुकानदाराचा लाडका असतो! प्रथम वेलदोड्यासारखे चपळ गंध उडतात, मग लवंगेची धग जाणवते, आणि दोन-तीन तासांनी उरते ते खाली बसलेले लाकूड. अत्तराची खरी किंमत तेव्हाच कळते. एका वेळी तीनांहून अधिक अत्तरे हुंगू नयेत. नाक थकते, आणि थकलेले नाक सर्वांनाच चांगले म्हणते.

त्या उरलेल्या लाकडातच आजची अडचण आहे. चंदनाच्या गाभ्यात तेल साठायला कित्येक वर्षे लागतात. बेसुमार तोडीमुळे हे झाड १९९८ साली जागतिक संकटग्रस्त यादीत नोंदले गेले. तेल महागले, तसे पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी पातळ पॅराफिन आले. त्याला स्वतःचा गंध नसतो. मसाला थोडा वेळ गाजतो, आणि पुढे हाताला नुसता तेलकटपणा राहतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी हातावर थेंब लावून बाजारात एक फेरी मारावी, तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वतीमहाल ग्रंथालय पाहून यावे, आणि परतताना हात पुन्हा हुंगावा. चंदन बोलत असेल, तरच पैसे मोजावेत.