पत आणि किमान रक्कम

(भिलाई येथील एका वाचनालयात दिलेल्या हिंदी व्याख्यानाचा अनुवाद)



ज्या गावात आपण आज जमलो आहोत, ते गावच मुळी महिन्याच्या पगारावर उभे राहिले आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या या मुलखात हजारो कुटुंबांच्या हाती ठरावीक दिवशी ठरावीक रक्कम पडू लागली. पाऊस पडो न पडो, पगार येणारच, ही खात्री शेतकऱ्याच्या घरात कधी नव्हती. या खात्रीलाच पत म्हणतात. कर्ज देणारा तुमची श्रीमंती फारशी पाहत नाही. पुढच्या महिन्यात पैसे येणार की नाही, एवढेच तो पाहतो. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहणारे सावकार जुन्या मंडळींना आठवत असतील. आज क्रेडिट कार्डाचा प्रतिनिधी दूरध्वनी करतो, तोही त्याच खात्रीच्या शोधात असतो. ठेकेदाराकडच्या मजुराला तो सहसा दूरध्वनी करीत नाही. त्या मजुराच्या वाट्याला अजून सावकारच आहे.

प्रथम कार्डाचा व्यवहार समजून घेऊ. तुम्ही दुकानात कार्ड दाखवता, तेव्हा तुमचा पैसा खर्च होत नाही. बँक दुकानदाराचे पैसे भागवते आणि ती रक्कम तुमच्या नावे लिहून ठेवते. दुकानदाराला पूर्ण रकमेपेक्षा थोडे कमी मिळते, कारण त्यातून बँका आपले शुल्क कापून घेतात. महिन्यातून एकदा तुमचे विवरणपत्र तयार होते, आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी पैसे भरण्याची अखेरची तारीख येते. समजा, विवरणपत्र ५ तारखेला निघते. तर ६ तारखेच्या खरेदीला जवळजवळ पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळते. ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम तीन आठवडे. अखेरच्या तारखेपूर्वी संपूर्ण रक्कम भरणाऱ्याला बँकेने फुकट उसने दिले, असेच म्हणावे लागेल. अशा माणसाने कार्डाला भिण्याचे काही कारण नाही.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, ते हॉटेलातल्या जेवणाच्या बिलांसाठी, आणि त्याचे पैसे महिन्याचे महिन्याला पुरे फेडावे लागत. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात हजारो घरी न मागता कार्डे टपालाने धाडली. या कार्डात एक सोय होती: सगळे पैसे भरले नाहीत तरी चालेल, थोडे भरा, बाकी पुढे ओढा. आपल्या विवरणपत्रावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो या सोयीचाच वंशज. माझे आजचे सगळे सांगणे या एका आकड्याविषयी आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी जन्मभर हिशेबाचे काम केले, आणि तरीही मुलीच्या लग्नात कार्डावर ४०,००० रुपयांची खरेदी करून अकरा महिने किमान रक्कम भरत राहिलो. बँकेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. दरमहा २,००० च्या आसपास रक्कम भरली की उशिराचा दंड पडत नसे, कोणाचा तगादा येत नसे, आणि घरी काही सांगावे लागत नसे. आपण कर्ज फेडीत आहोत, असे समाधानही वाटे.

त्या समाधानाचा ढोबळ हिशेब असा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४०,००० वर १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के कर, २५२ रुपये. दोन्ही मिळून १,६५२. भरलेल्या २,००० पैकी मुद्दलात गेले केवळ ३४८ रुपये! अकरा महिन्यांत मी एकवीस हजार रुपये भरले, आणि बाकी उरली छत्तीस हजारांहून अधिक. याच चालीने गेलो असतो, तर कर्ज निम्म्यावर यायला साडेसहा वर्षे लागली असती आणि तोवर सुमारे १ लाख १५ हजार रुपये भरून झाले असते. एवढे करूनही वीस हजार देणे राहिलेच असते. झोतभट्टी रात्री विझवीत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. व्याजालाही साप्ताहिक सुटी नसते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बाकी पुढे ओढली की बिनव्याजी सवलतही जाते. मग नव्या खरेदीवर, अगदी पावशेर चहापत्तीवरही, खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. कार्डाने रोख रक्कम काढली तर ही सवलत मुळातच नसते, आणि वर वेगळे शुल्क लागते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचा एक दाखला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळायचे होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहाराचा सगळा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जदाराला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. ज्या हिशेबासाठी त्या लोकांनी दंगा केला, तसा हिशेब आज दर महिन्याला आपल्या घरी येतो, आणि आपण तो उघडूनही पाहत नाही.

दामदुपटीचा जुना नियमही येथे आठवतो: एका वेळी मागायचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. साडेतीन टक्क्यांच्या चक्रवाढीने, एक पैसाही न भरल्यास, रक्कम वीस-एकवीस महिन्यांत दुप्पट होते. तेव्हा दामदुपट हवी होती, असे कोणी म्हणेल. पण माझ्यासारख्याला तिचा काय उपयोग झाला असता? मी व्याज थकवीतच नव्हतो. मी ते दरमहा नेमाने भरीत होतो.

आजचा कायदा व्याजाच्या दराला लगाम घालत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मात्र रिझर्व्ह बँकेने २०२२ साली जे निर्देश दिले, ते आपल्या कामाचे आहेत. न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. किमान रक्कम भरूनही देणे वाढतच जाईल, अशी ती रक्कम ठरवता येत नाही. बाकी चुकती केलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्यास सांगितले, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे. नाही झाले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे.

मी काय केले, ते सांगून थांबतो. एका रात्री पत्नीसमोर अकरा विवरणपत्रे मांडली. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “पतपेढी कशाला आहे?” दुसऱ्याच आठवड्यात सहकारी पतपेढीतून महिन्याला एक टक्का दराने कर्ज काढले, कार्डाची सगळी बाकी एकरकमी भरली, आणि दोन वर्षांत पतपेढीही मोकळी केली. कार्ड मी बंद केले नाही. रेल्वेची तिकिटे त्यावरच काढतो. परंतु पूर्ण रक्कम अखेरच्या तारखेला खात्यातून आपोआप वळती व्हावी, अशी लेखी सूचना बँकेला दिली आहे. ही सूचना देताना अर्जावर दोन चौकटी असतात, ‘किमान’ आणि ‘संपूर्ण’. खूण कोणत्या चौकटीत केली आहे, ते अर्ज देण्यापूर्वी पुन्हा पाहावे.

ज्यांनी आपली विवरणपत्रे बरोबर आणली असतील, त्यांनी आता टेबलाशी यावे. आपण ती एकेक करून वाचू.